सुईत दोरा ओवायला मला पाच महिने लागले (६४ सेकंदांची हाताने काढलेली फिल्म)

रेघोट्या:
मंडळी, मागे एकदा मी उत्साहाच्या भरात इथे बोलून बसले होते की कागदावर, पेन्सिलीने, अगदी जुन्या पद्धतीने एक छोटी अ‍ॅनिमेशन फिल्म करतेय, आणि त्यानंतर कोणी विचारू नये म्हणून गुपचूप वाचनमात्र झाले होते. तर झाली. म्हणजे बहुतेक झाली, शेवटचा शॉट अजून छळतोय, त्याचं रडगाणं खाली आहे.

गोष्ट एवढीच. एक आजी सुईत दोरा ओवतेय. पहिल्यांदा दोरा बाजूने निसटतो, दुसऱ्यांदा टोक पिंजतं, ती ते ओठात धरून ओलं करते, तेवढ्यात सुई पडते, ती शोधून पुन्हा तिसऱ्यांदा, आणि जमतं. आणि मग तिला आठवतच नाही की शिवायचं काय होतं.

आधी शेवट वेगळा होता. नात येते, झटकन दोरा ओवून देते, दोघी हसतात. स्टोरीबोर्डवर बरा वाटला होता, पण सगळे चौकोन फोटो काढून एकामागे एक लावले, ज्याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात ते, आणि वेळ लावून बघितलं तर इतकं गुळमट झालं होतं की मलाच कसंतरी झालं. शिवाय नात म्हणजे अजून एक कॅरेक्टर, तिचं चालणं, तिचे केस, मी मेले असते. खरं सांगायचं तर अर्धा निर्णय आळसाचा होता. अकरा शॉट होते त्यांचे पाच केले.

आता गणित. सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरायचं, म्हणजे ऑन टूज, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. ६४ सेकंद गुणिले १२, एकूण ७६८. मी म्हटलं रोज दहा काढली तरी अडीच महिन्यांत फिल्म तयार. (हसा, हसून घ्या.)

पहिला जो शॉट घेतला तो दुसरा, नऊ सेकंदांचा, आजी समोरून, हातात सुई, दोरा हळूहळू नेढ्याकडे नेतेय. १०८ चित्रं, प्रत्येक कागदावर अख्खी आजी, डोक्यापासून मांडीपर्यंत, चष्मा, अंबाडा, सगळं. तीन आठवडे. मग लाईन टेस्ट केली (म्हणजे पेन्सिलीच्या चित्रांचे फोटो काढून ती फिल्मसारखी चालवून बघायची) आणि अहो काय सांगू, आजी उकळत होती. चष्मा वळवळतोय, अंबाडा श्वास घेतोय, खांद्यांना मुंग्या आल्यात, आणि या सगळ्या गलबल्यात ज्या हाताकडे बघायचं तो हात कुठे दिसेचना. त्या रात्री मी कागदांचा गठ्ठा कपाटावर टाकला आणि आठ दिवस त्या खोलीत गेले नाही.

नंतर हळूहळू डोक्यात प्रकाश पडला. माझी सुई कागदावर दोन सेंटिमीटर सरकत होती, दोन सेकंदांत. दोन सेकंद म्हणजे २४ चित्रं. म्हणजे प्रत्येक चित्रात सुई एक मिलिमीटरसुद्धा हलत नाही, आणि माझ्या पेन्सिलीची रेघच अर्धा मिलिमीटर जाड! ट्रेस करताना हात केसभर जरी सरकला तरी ती चूक खऱ्या हालचालीएवढी मोठी दिसणार. मला वाटायचं की पळणं, उड्या, मारामारी हे अवघड, आणि बसल्या जागी सुईत दोरा ओवणं सोपं. बरोब्बर उलटं निघालं.

तोच शॉट पुन्हा केला, ३१ चित्रांत. शरीर एकदाच काढलं आणि होल्ड, म्हणजे तेच चित्र शॉटभर धरून ठेवलं. डोकं वेगळ्या कागदावर, चार चित्रं. बाकी सगळे हात. आणि हात सतत सरकवत नेले नाहीत, थांबवत थांबवत नेले: दहा-बारा फ्रेम जागच्या जागी, मग दोन चित्रांत एक छोटी सरक, पुन्हा थांबा. आणि थांब्याच्या वेळी तेच हाताचं चित्र तीनदा ट्रेस करून उलटसुलट फिरवलं. म्हणजे जी थरथर सगळीकडे होती म्हणून शॉट फेकला ती आता फक्त हातात आहे. बाकी आजी दगडासारखी स्थिर, हात तेवढे थरथरतायत. म्हातारे हात!!

हे मी ठरवून केलं असं सांगायला आवडेल, पण नाही. चुकून सापडलं.

तुमच्यापैकी कोणी केलंय का असं काही? प्रश्न विचारा, शिव्या द्या, सगळं चालेल.

वहीचं_शेवटचं_पान:
वा वा वा! शाळेत वहीच्या कोपऱ्यात चेंडू उडवायचे आणि पानं फर्रकन सोडायची एवढाच माझा अनुभव, पण "आजी उकळत होती" वाचून मोठ्याने हसलो. लिंक द्या की राव.

रेघोट्या:
शेवट झाला की देते. वहीचा चेंडू म्हणजेच हे सगळं, फक्त कागद सरकू नये म्हणून भोकं पाडायची.

टिंबटिंब:
भोकांबद्दल जरा सविस्तर सांगा ना. पेग बार विकत घेतला की घरी केला? मी एकदा नुसते कागदाचे कोपरे जुळवून करायला गेले होते, सगळं चित्र डोलत होतं, बोटीवर बसल्यासारखं.

रेघोट्या:
घरी. ऑफिसातलं साधं दोन भोकांचं पंच मशीन, आणि त्या भोकांत घट्ट बसतील अशा दोन लाकडी खुंट्या एका पट्टीवर चिकटवल्या. खऱ्या पेग बारला मधे एक गोल खुंटी आणि दोन बाजूंना दोन चपट्या असतात, ते जास्त पक्कं बसतं, पण सुरुवातीला हेही पुरतं. एक मात्र सांगते, प्रत्येक कागद पंचमध्ये एकाच बाजूला टेकवून भोक पाडा. मी मधेच बाजू बदलली होती आणि चाळीस कागद इतरांपेक्षा दीड मिलिमीटर डावीकडे. ते नंतर कॉम्प्युटरवर एकेक सरकवत बसले.

आणि खुंट्या खालच्या बाजूला ठेवा, वर नको. खाली असल्या की चार-पाच कागद बोटांत धरून उलटसुलट चाळता येतात आणि हालचाल काढता काढताच दिसते. हे कळायला मला दोन महिने लागले.

पेगबार:
अरे वा, माझ्या नावाचा धागा. :)

मी उमेदीची बरीच वर्षं हेच काम केलंय, इनबिटवीनर म्हणून सुरुवात, म्हणजे दुसऱ्याने महत्त्वाच्या पोझ काढायच्या आणि मधली चित्रं आपण भरायची. रेघोट्याताई, तुमचं निदान अगदी बरोबर, मंद आणि छोटी हालचाल हीच हाताने काढायला सगळ्यात वाईट. ऑन टूज केली तर अडखळते, ऑन वन्स, म्हणजे प्रत्येक फ्रेमला नवं चित्र, केली तर चित्रं दुप्पट आणि चुकाही दुप्पट. आमच्याकडे असा शॉट वाट्याला आला की लोक एकमेकांकडे बघायचे.

आणि उकळण्याचं वाईट वाटून घेऊ नका, मोठमोठ्यांची उकळलीय. विन्सर मॅकेने १९१४ साली गर्टी नावाच्या डायनोसॉरची फिल्म केली तेव्हा सेलची, म्हणजे चित्र काढायच्या पारदर्शक सेल्युलॉइड कागदांची, पद्धत रुळलेली नव्हती, त्यामुळे प्रत्येक कागदावर डायनोसॉरबरोबर मागचे डोंगर, दगड, पाणी सगळं पुन्हा काढावं लागायचं, त्यासाठी ट्रेस करायला एक मदतनीस होता. आज बघितलं तरी मागचे दगड बारीक थरथरताना दिसतात. सेलसाठी अर्ल हर्डने त्याच वर्षाच्या अखेरीस पेटंटचा अर्ज केला. जे हलत नाही ते एकदाच काढा आणि जे हलतं ते वर ठेवा, एवढीच ती कल्पना. तुम्ही १०८ चित्रं फेकून ३१ वर आलात म्हणजे तोच शोध घरी बसून पुन्हा लावलात.

एक शंका. थांब्यात तीन चित्रं उलटसुलट फिरवलीत म्हणता, ती थरथर दिसते की नुसती रेघ वळवळते? दोन्हींत फरक आहे. हात थरथरतो तेव्हा हात जागेवरून हलतो. रेघ वळवळते तेव्हा हात तिथेच असतो, कडा तेवढी नाचते.

रेघोट्या:
पेगबारकाका, दंडवत घ्या. आणि हो, तुम्ही बरोबर पकडलंत, माझ्या लाईन टेस्टमध्ये कडाच नाचतेय. मी त्याला थरथर म्हणून गोड मानून घेतलं होतं. आता काय करू?

उंटावरचा:
मला एक कळत नाही, एवढी उठाठेव कशाला? स्वतःच्या हातांचा मोबाईलवर व्हिडिओ काढायचा, फ्रेम उघडायच्या, वरून ट्रेस करायचं. थरथरीसकट सगळं आपोआप येईल. नाहीतर सॉफ्टवेअर आता दोन पोझ दिल्या की मधलं सगळं भरून देतं म्हणे.

रेघोट्या:
केलं होतं ना. दोन सेकंद ट्रेस केले. गंमत म्हणजे व्हिडिओत जे हात खरे दिसतात तेच ट्रेस केले की पाण्यात तरंगल्यासारखे दिसतात, वजनच राहत नाही. आणि माझे हात म्हातारे नाहीत.

पण व्हिडिओ वाया गेला नाही. तो मी नुसता बघितला, पन्नासेक वेळा, आणि एक गोष्ट सापडली: दोरा नेढ्याजवळ नेताना मी श्वास रोखून धरते. प्रत्येक वेळी. निसटला की सोडते. मग मी आधी फक्त श्वासाचा आवाज रेकॉर्ड केला, तीन प्रयत्नांचा, आणि तो अ‍ॅनिमॅटिकखाली टाकला, आणि त्यावरून एक्स-शीट भरली (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: लांबट तक्ता असतो, प्रत्येक फ्रेमला एक ओळ, कुठलं चित्र किती ओळी धरायचं ते आधीच लिहून ठेवायचं). श्वास आत, सात फ्रेम. रोखला, ५२ फ्रेम. सुटला, दहा. चित्र काढायच्या आधीच मला माहीत होतं की आजी कधी काय करणार. यानंतर एकही चित्र फुकट गेलं नाही असं म्हणणार होते, पण गेली. कमी गेली.

पेगबार:
उंटावरचे, ट्रेसिंगची पद्धत काही कमी दर्जाची नाही बरं का. मॅक्स फ्लायशरने रोटोस्कोपचं पेटंट १९१७ साली घेतलं, तेव्हापासून लोक वापरतायत आणि त्यातून फार सुंदर कामं झालीत. पण त्यातही चांगला माणूस ट्रेस करत नाही, निवडतो. कुठली फ्रेम घ्यायची, कुठली ताणायची, कुठली गाळायची. सगळ्या घेतल्या तर ताई म्हणतात तसं होतं, कारण कॅमेऱ्याला काय महत्त्वाचं ते कळत नाही, तो सगळंच सारखं टिपतो.

आणि सॉफ्टवेअरने भरलेल्या मधल्या चित्रांचं दुखणंही तेच. त्याला बरोबर मधलं चित्र काढता येतं, पण बरोबर मधलं चित्र बहुतेक वेळा चुकीचं असतं! मान डावीकडून उजवीकडे वळते तेव्हा मधल्या चित्रात डोकं नेमकं मधोमध काढलं तर बाहुलीची मान फिरवल्यासारखी दिसते. माणसाची हनुवटी मधे जरा खाली जाते, बऱ्याचदा पापण्याही मिटतात. आमच्याकडे नव्या मुलाला पहिल्याच दिवशी हे काढायला द्यायचे, आणि तो हमखास मधोमध काढायचा. मीही काढलं होतं.

स्टेथो:
वाचनमात्र असते, पण थरथर म्हटल्यावर राहवलं नाही, माझ्या कामाचा भाग आहे.

आजीला नक्की कुठली थरथर दाखवायचीय? लोकांना सगळे कंप सारखेच वाटतात, पण तसं नाही. पार्किन्सन्समधला नेहमीचा कंप हात स्वस्थ पडलेला असताना जास्त दिसतो आणि हात कामाला लागला की बहुतेकदा कमी होतो, त्याचा वेग साधारण सेकंदाला ४ ते ६ वेळा. तुमची आजी तर काम करताना थरथरतेय. मग तो दुसरा, इसेन्शियल ट्रेमर, वयस्कर माणसांत बराच दिसतो, काम करताना येतो, हात मांडीवर ठेवला की सहसा थांबतो. वेग साधारण ४ ते १२. आणि काही जणांत नेमका नेम धरायच्या क्षणी, म्हणजे सुईच्या अगदी जवळ, तो वाढतो.

आणि महत्त्वाचं म्हणजे त्याला ताल असतो. तुम्ही चित्रं उलटसुलट फिरवली म्हणता, कंप तसा वेडावाकडा नसतो, तो एका दिशेत पुढे-मागे, पुढे-मागे असतो. तुमच्या फ्रेमच्या हिशोबात ते कसं बसवायचं ते तुम्हीच बघा.

पेगबार:
डॉक्टरीणबाई, हे भारीच. हिशोब मी करतो. दोन चित्रं, एकात हात इकडे, दुसऱ्यात पाऊण मिलिमीटर तिकडे. ऑन टूज फिरवली तर एक हेलकावा चार फ्रेमचा, २४ भागिले ४, सेकंदाला ६ हेलकावे. ऑन थ्रीज केली तर सहा फ्रेमचा, सेकंदाला ४. ऑन वन्स केली तर १२, पण ती थरथर न वाटता प्रोजेक्टर बिघडल्यासारखा वाटेल, ती करू नका. म्हणजे तुमचा सगळा पल्ला आपल्या हातात आहे, एकही जादा चित्र न काढता. ताई, लांब असताना ऑन थ्रीज, नेढ्याजवळ गेल्यावर ऑन टूज आणि हेलकावा थोडा मोठा. करून बघा.

टिंबटिंब:
मी इथे फक्त भोकं विचारायला आले होते आणि आता मला आजीची केस हिस्टरी माहिती आहे. धागा वसूल.

अर्धवट:
वाचतोय. माझा एक भाबडा प्रश्न, हे कागद कॉम्प्युटरमध्ये नेता कसे? स्कॅन की फोटो? माझ्याकडे बारा चित्रांचा एक पक्षी पडलाय, मोबाईलने फोटो काढले तर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा, पक्षी उडतोय की वीज चमकतेय ते कळत नाही.

रेघोट्या:
कॅमेऱ्याचं ऑटो सगळं बंद करा, एक्स्पोजर, फोकस, व्हाइट बॅलन्स, तिन्ही लॉक. खिडकीचा उजेड नको, ढग आला की गेलं. पडदे लावून दोन बाजूंनी दोन दिवे, आणि तुम्ही स्वतः काळे कपडे घाला, खरंच सांगते, माझ्या पिवळ्या कुर्त्याचा उजेड कागदावर पडत होता. लाईन टेस्ट मी अशीच मोबाईलवर केली. फायनल मात्र स्कॅन केलं, खुंट्यांची पट्टी स्कॅनरच्या काचेच्या कडेला पक्की चिकटवून, म्हणजे प्रत्येक कागद त्याच जागी बसतो. जोडायला क्रिता वापरलं, फुकट आहे, अ‍ॅनिमेशनची टाइमलाइन आहे त्यात. ओपनटून्झही फुकट आहे आणि स्कॅन केलेल्या रेघांसाठी जास्त चांगलं म्हणतात, पण त्याचा स्क्रीन बघून मला दडपण आलं.

बारा चित्रांचा पक्षी फेकू नका हं. सायकल असेल, म्हणजे शेवटच्या चित्रानंतर पुन्हा पहिलं जुळत असेल, तर तो कितीही वेळ उडेल.

रेघोट्या:
(तीन दिवसांनी) काका, स्टेथो, ऐका. केलं. हाताची जोडी नव्याने काढली, लांबच्या थांब्याला ऑन थ्रीज, जवळच्याला ऑन टूज, तिसऱ्या प्रयत्नात हेलकावा आणखी वाढवला आणि मग दोरा आत जायच्या आधी पाच फ्रेम पूर्ण स्थिर. थरथर एकदम थांबते आणि दोरा जातो. घरात दाखवलं तर बघणाऱ्याने स्वतःचा श्वास रोखला. मी त्याच्याकडेच बघत होते, पडद्याकडे नाही.

आता शेवटचा शॉट, ज्याच्यासाठी मी मुळात धागा काढला होता आणि तो राहूनच गेला. दोरा ओवून झालाय. आजी हात मांडीवर टेकवते, समोर बघते, आणि तिला आठवत नाही. स्टेथोने सांगितल्याप्रमाणे हात टेकले की कंप थांबायला हवा, म्हणून मी थांबवला. म्हणजे आता सगळंच थांबलं. एकच चित्र, तीन सेकंद, ७२ फ्रेम. मला वाटलं काय जबरदस्त शांतता येईल. चौघांना दाखवलं, त्यातल्या तिघांनी विचारलं, "अडकला का व्हिडिओ?"

४० फ्रेम करून बघितलं, तर ती विसरलीय हे पोचायच्या आत संपतं.

वहीचं_शेवटचं_पान:
हाहाहा, तिघांनी! एक जण तरी रडला का?

रेघोट्या:
चौथी माझी आई. ती म्हणाली उसवलेली उशी शिवायची असेल.

पेगबार:
७२ ठेवा, कमी करू नका. पण मेलेला होल्ड ठेवू नका. कागदावरचं पात्र पूर्ण थांबलं की लगेच चित्र होऊन जातं, सिनेमातला नट थांबला तर तो निदान श्वास घेत असतो. काहीतरी एकच जिवंत ठेवायचं, आणि ते आजी नसलं तरी चालेल. दोरा आहे ना हातातून लोंबणारा? हात टेकल्यावर तो लगेच थांबणार नाही, झुलेल. मोठा झोका, छोटा झोका, त्याहून छोटा. दहा-बारा चित्रं, त्यातही फक्त एक रेघ. शरीर तेच होल्ड. आणि दोरा थांबला की मग पापणी.

स्टेथो:
पापणी चालेल. पण एकदाच. फार उघडझाप केली तर ती विचार करतेय असं वाटेल.

रेघोट्या:
दोरा!!! पाच महिने मी त्या दोऱ्याच्या टोकाकडे बघतेय आणि त्याचं दुसरं टोक लोंबतंय हे डोक्यातच आलं नाही. एक्स-शीट परत भरतेय: हात टेकले, दोरा झुलतो ३४ फ्रेम, मग काही नाही १४, मग पापणी, मग उरलेले १६ तशीच. पापणीला किती चित्रं द्यायची काका, मिटताना दोन आणि उघडताना तीन?

पेगबार:
मिटताना दोन, मिटलेलं एक, उघडताना तीन. सगळी एकेक फ्रेम नको, उघडतानाची शेवटची तीन फ्रेम धरा. म्हातारीची पापणी आहे.

रेघोट्या:
म्हणजे आठ फ्रेम. बसतंय बरोबर. ७२. बसले काढायला.

वहीचं_शेवटचं_पान:
लिंक?